उंबरठा आणि गावकूस

मानवशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत स्थळाला पहिले प्रकरण मिळत असे, आणि बहुधा तेवढेच. डोंगर, नदी, पर्जन्यमान, वस्तीचा नकाशा, घरांची संख्या एवढे सांगून झाले की अभ्यासक नातेसंबंध, विधी आणि दैवते यांच्याकडे वळे व पुन्हा मागे पाहत नसे. नाटक सुरू होण्यापूर्वी रंगमंचाचे वर्णन वाचावे, तसे ते प्रकरण वाचले जाई. माणसे ज्या जागेत राहतात ती जागा त्यांच्या विचाराचा भाग असते. ती केवळ पार्श्वभूमी नसते. ही जाणीव या शास्त्रात हळूहळू आली, आणि आली तेव्हा तिने काही अतिशय देखणे लेखन निर्माण केले. हे देखणेपण कोठून आले आणि त्याने काय झाकले, हे तपासण्याजोगे आहे.

१९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द न्यूअर’ या ग्रंथात ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी सुदानमधील गुराखी समाजाच्या संदर्भात एक साधा पण दूरगामी भेद केला. दोन वस्त्यांमधले मैलांत मोजायचे अंतर वेगळे, आणि त्या वस्त्यांतील माणसे परस्परांना किती जवळची मानतात हे अंतर वेगळे. ‘चिएंग’ हा न्यूअरांचा शब्द प्रसंगानुसार झोपडी, गाव किंवा संपूर्ण टोळीचा प्रदेश यांपैकी काहीही दर्शवतो. विचारणारा किती दूरचा आहे, त्यावर उत्तराचा परीघ ठरतो. मराठी वाचकाला हे समजावून द्यावे लागत नाही. मुंबईतला चाकरमानी ‘गावाला चाललो’ म्हणतो तेव्हा महसुली दप्तरातले गाव त्याच्या मनात नसते, आणि गावातच कोणी ‘गाव कोणतं?’ असे विचारले तर तो वाडीचे नाव सांगतो. व्हॅलेंटाइन डॅनियल यांनी १९८४ मधील आपल्या ग्रंथात तमिळ ‘ऊर्’ या शब्दाविषयी जवळपास हेच दाखवून दिले: सरकारी ‘किरामम्’ला ठरलेली हद्द असते, ‘ऊर्’ची हद्द बोलणाऱ्याबरोबर सरकते.

इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. एका पहाटे सरकारी फौजेने आपल्या छावणीला वेढा घातला, बंडातल्या दोन धर्मपुरुषांचा शोध घेतला आणि ओलीस नेले, असे ते प्रस्तावनेत सांगून टाकतात. पुढच्या प्रकरणांतली वर्तुळे आणि आकृत्या मात्र इतक्या स्वच्छ आहेत की, त्यांवर त्या पहाटेचा मागमूसही दिसत नाही. स्थळाच्या मानवशास्त्राची पुढची वाटचाल या विसंगतीसकट समजून घ्यावी लागते.

त्या वाटचालीतले सर्वांत प्रसिद्ध घर अल्जीरियातले आहे. क्लोद लेवी-स्त्रोस यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त सिद्ध झालेल्या गौरवग्रंथात, १९७० साली, पिएर बोर्द्यू यांचा काबिल शेतकऱ्यांच्या घरावरचा निबंध छापून आला. घर आयताकृती. लांबीच्या सुमारे एक तृतीयांशावर निम्म्या उंचीची, जाळीसारखी भिंत त्याचे दोन भाग करते. मोठा भाग अर्धा मीटर उंच, काळ्या मातीने आणि शेणाने लिंपलेला; बायका दगडाने घोटून तो गुळगुळीत ठेवतात. हा माणसांचा भाग. धाकटा भाग फरसबंद, तो गुरांचा, त्याच्यावर माळा. वरच्या भागात चूल, दिवा, माग, बंदूक आणि पाहुणा. खालच्या भागात पाणी, ओला चारा, झोप, जन्म आणि मृत्यू. छपराचे आढे म्हणजे घरधनी, आणि ते आढे आपल्या दुबेळक्यात झेलणारी मेढ म्हणजे घरधनीण. घरात उजेड आणि अंधार, कोरडे आणि ओले, शिजलेले आणि कच्चे, पुरुष आणि स्त्री अशा जोड्या एकमेकींसमोर बसवलेल्या आहेत. आणि स्वतः घर, या सगळ्या जोड्यांसकट, बाहेरच्या जगाच्या तुलनेत स्त्रीचे व अंधाराचे ठरते.

इथवरचे विश्लेषण लेवी-स्त्रोस यांच्या कोणाही हुशार शिष्याला जमले असते. बोर्द्यू यांची झेप उंबरठ्यावर दिसते. घराचे दार पूर्वेला. उगवत्या सूर्याचा प्रकाश दाराच्या भिंतीवर बाहेरून पडतो, पण आतून तीच भिंत काळोखात असते. उलट, दारातून आत शिरलेला प्रकाश समोरच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या भिंतीवर पडतो, आणि तिथेच माग उभा असतो. म्हणून आत पाऊल टाकताच पश्चिम ही घराची पूर्व होते. प्रत्येक बाह्य दिशेला आत एक उलटी दिशा आहे. पुरुष पहाटे उजेडाकडे तोंड करून बाहेर पडतो. स्त्रीची हालचाल मुख्यतः आत येण्याची. उंबरठा ही दोन जगांची सीमा आहेच, पण ते जग उलटे करून दाखवणारे बिजागरही आहे. या परिच्छेदांत निबंध एखाद्या सघन कवितेच्या जवळ जातो. शेणाने सारवलेली जमीन, उंबरठ्यावरचे हळदीकुंकू, दक्षिणेकडे पाय करून न झोपण्याची शिकवण यांत वाढलेल्या भारतीय वाचकाला तर यातले बरेच काही ओळखीचे वाटते, आणि ही ओळखच त्याला बेसावध करते.

कारण हे घर कोणाचे, हा प्रश्न निबंध वाचताना सुचतच नाही. घर कोणत्या गावातले, कोणत्या वर्षीचे, त्यात किती माणसे राहत होती, हे कळत नाही. म्हणी, विधी आणि सवयी यांच्या आधाराने उभे केलेले ते काबिल घराचे आदर्श रूप आहे. निबंध १९६३-६४ च्या सुमारास लिहिला गेला. अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध १९५४ ते १९६२ चालले. बोर्द्यू तेथे १९५५ साली सक्तीच्या लष्करी सेवेसाठी गेले आणि १९६० पर्यंत राहिले. त्या वर्षांत फ्रेंच लष्कराने बंडखोरांचा आधार तोडण्यासाठी डोंगरातली गावे रिकामी करून शेतकऱ्यांना तारांच्या कुंपणातल्या वसाहतींत नेऊन ठेवले. १९६० साली अशा माणसांची संख्या २१ लाखांवर गेली होती, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे एक चतुर्थांश. घरावरच्या निबंधात या सगळ्याची सावलीही पडत नाही.

ती पडली दुसऱ्या पुस्तकात. अब्देलमालेक सयाद या काबिल सहकाऱ्याबरोबर बोर्द्यू यांनी १९६४ मध्ये उखडलेल्या शेतकऱ्यांवर ‘ल देरासिनमाँ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात स्थळाचा विचार आहे, पण तो अगदी वेगळ्या अंगाने. वसाहती सरळ रेषेत आखलेल्या, घरे एकाच मापाची, रस्ते रुंद. लष्करी अधिकाऱ्यांनी रोमन वसाहतकर्त्यांप्रमाणे आधी जागेला शिस्त लावली, जणू जागेतून माणसांनाच शिस्त लागेल. परिणाम बारीकसारीक आहेत आणि म्हणूनच भेदक. गावात बाई पाण्याला जाई तेव्हा वाट आणि झरा ही बायकांची जागा असल्यामुळे तिला तोंड झाकावे लागत नसे. वसाहतीत दहा गावांची अनोळखी माणसे शेजारी आली, झऱ्याची वाट उरली नाही, आणि पूर्वी बुरखा न घेणाऱ्या शेतकरी बायका तो घेऊ लागल्या. बाहेरून पाहणाऱ्याला ही ‘परंपरा’ वाटली असती. प्रत्यक्षात ती नव्या नकाशाची निष्पत्ती होती. लेवी-स्त्रोस यांनी १९५५ मधील आपल्या प्रवासग्रंथात ब्राझीलच्या बोरोरोंविषयी असेच नोंदवले आहे. वर्तुळाकार गाव सोडून समांतर ओळींतल्या घरांत राहायला लावणे, हा धर्मांतराचा खात्रीचा उपाय असल्याचे सालेशियन मिशनऱ्यांच्या लवकर लक्षात आले होते. स्थळाची रचना म्हणजे समाजाची स्मृती, हे सिद्धान्ती मंडळींच्या आधी मिशनरी आणि लष्करी अधिकारी यांना उमगले होते, असे म्हणावे लागते.

मग एकाच लेखकाच्या दोन लेखनांत एवढी भिंत का? बोर्द्यू यांनी पुढे घरावरच्या निबंधाला आपल्या समाधानी रचनावादाचे बहुधा शेवटचे लेखन ठरवले, आणि १९८० च्या ग्रंथात तो परिशिष्टाच्या जागी नेऊन ठेवला. पॉल सिल्व्हरस्टाइन यांनी २००४ मधील एका लेखात या सुव्यवस्थित घराचा आणि उखडलेपणाचा संबंध नेमकेपणाने मांडला: घराची ती परिपूर्ण रचना घर गमावलेल्यांच्या आठवणीतून सांगितली गेली होती, आणि गमावलेली गोष्ट आठवणीत नेहमीच अधिक नीटनेटकी असते. पण सर्वांत बोलकी साक्ष खुद्द बोर्द्यू यांचीच आहे. त्यांच्या निधनानंतर, २००३ साली, अल्जीरियातली छायाचित्रे पुस्तकरूपाने आली. त्या पुस्तकातल्या मुलाखतीत ते घरांतल्या मातीच्या मोठ्या कणग्यांच्या छायाचित्रांविषयी सांगतात. फ्लॅश जवळ नसताना ती टिपता आली, कारण लोकांना परत येता येऊ नये म्हणून घरांची छपरेच नाहीशी केलेली होती. ज्या अंधाऱ्या अंतर्भागाचा अर्थ निबंधात इतक्या हळुवारपणे उलगडला आहे, तो अभ्यासकाच्या नजरेसमोर उघडा पडला तो असा. हा तपशील निबंधात आला असता तर निबंध कदाचित इतका सुबक झाला नसता. तो अधिक खरा झाला असता, यात संशय नाही.

याउलट, कीथ बासो यांचे ‘विझडम सिट्स इन प्लेसेस’ हे १९९६ चे पुस्तक. ॲरिझोनातील सिबेक्यू या गावी पश्चिमी अपाचींमध्ये बासो यांनी दीर्घकाळ काम केले. तेथे शेकडो जागांना नावे आहेत, आणि प्रत्येक नाव हे त्या जागेचे शब्दचित्र असते: पाणी कसे वाहते, खडक कसा उभा आहे, झाडे कोठे वाकली आहेत. पूर्वजांच्या छोट्या गोष्टी अशा नावाने सुरू होतात आणि त्याच नावाने संपतात. चुकलेल्या माणसाला थेट रागवायचे नाही. त्याच्या समक्ष एक गोष्ट सांगायची. ती बाणासारखी लागते, आणि पुढे ती जागा दिसली की पुन्हा टोचते. बासो सांगतात ती हकीकत आता अभ्यासकांत सर्वश्रुत आहे. बाहेरगावच्या शाळेतून आलेली एक मुलगी केसांना गुलाबी कर्लर लावून धार्मिक समारंभाला आली. काही दिवसांनी आजीने जेवणानंतर एका अपाची पोलिसाची गोष्ट सांगितली, जो गोऱ्यांसारखा वागायला गेला आणि हास्यास्पद ठरला. मुलगी काही न बोलता उठून घरी गेली. दोनेक वर्षांनी ती गोष्टीतली जागा वाटेत लागली तेव्हा ती बासोंना म्हणाली, ही जागा रोज माझ्या मागावर असते.

बासो यांच्या पुस्तकाची शक्ती एवढ्यापुरतीच नाही. जागांचा हा अभ्यास त्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. व्हाइट माउंटन अपाचींचे प्रमुख रॉनी लूप यांनी त्यांना सुचवले की गोऱ्यांचे नकाशे पुष्कळ झाले, आता अपाची नावांचे नकाशे करा. म्हणजे प्रश्न अभ्यासिलेल्यांनी विचारला, आणि पुस्तकात चार्ल्स हेन्री, डडली पॅटरसन अशी माणसे नावानिशी आणि विनोदबुद्धीसकट वावरतात. बोर्द्यूंच्या घरात दिशा बोलतात आणि माणसे गप्प असतात. बासोंच्या दऱ्याखोऱ्यांत माणसे बोलतात म्हणून दिशांना अर्थ येतो. मात्र ज्या राखीव क्षेत्रात ही शहाणपणाची स्थळे आहेत त्याची सीमा कोणी, कोणत्या कराराने आणि किती जमीन वगळून आखली, याचा हिशोब बासोही फार खोलात जाऊन मांडत नाहीत. नावांचा गोडवा सीमेच्या तारेपाशी थोडा थबकला असता तर बरे झाले असते.

महाराष्ट्रात स्थळाचा मानवशास्त्रीय विचार घरापेक्षा वाटेवर अधिक झाला. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेख ‘परिपूर्ती’त आहे, १९६२ मध्ये तो इंग्रजीत गेला आणि जगभरच्या अभ्यासकांच्या वाचनात आला. ज्या प्रदेशातली माणसे पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या आता घासून गुळगुळीत झाली असली तरी तिच्यातली पद्धतीची नवलाई अजून टिकून आहे. प्रदेश नकाशावर आधी नसतो, तो पायांनी रेखला जातो. ॲन फेल्डहाउस यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात नद्या, यात्रा आणि कावडी यांच्या आधाराने हाच विचार विस्ताराने मांडला. पण इरावतीबाईंच्या लेखाची खरी किंमत त्या व्याख्येत नाही. एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत चाललेल्या ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या बसत होत्या. हे त्यांनी लपवले नाही. उलट ते त्यांना सलत राहिले आणि लेखात उतरले. वाट सर्वांची असली तरी मुक्कामाला जमीन पुन्हा वाटली जाई. पंढरपूरच्या महाद्वारापाशी, मंदिराबाहेर, चोखामेळ्याची समाधी आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले त्यानंतर विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडले. तोवर ती समाधी हाच तेथला खरा उंबरठा होता.

त्याच इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली. डेक्कन कॉलेजने ती १९६९ मध्ये छापली. कोयनेच्या खोऱ्यातली माणसे कोकणापासून सोलापूरपर्यंतच्या जिल्ह्यांत विखुरली गेली होती. ‘वाटचाल’ आवडीने वाचणाऱ्या मराठी वाचकाला ही पाहणी बहुधा ठाऊकही नसते. बोर्द्यूंचा घरावरचा निबंध जगभर गाजतो आणि उखडलेल्यांवरचा ग्रंथ मागे राहतो, त्याचेच हे घरगुती रूप.

मात्र स्थळाची मराठी भूमीवरची सर्वांत निर्दय चिकित्सा वारीच्या वाटेवरून आलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मानवशास्त्राशी नाते औपचारिक होते: जातिसंस्थेवरचा त्यांचा पहिला निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात वाचला. पुढे अस्पृश्यांच्या वस्तीविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले आणि हयातीत अप्रकाशित राहिलेले प्रकरण १९८९ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात छापले. भारतीय खेडे म्हणजे स्वयंपूर्ण लोकराज्य, हे मेटकाफपासून चालत आलेले कौतुक खोडून काढत ते खेड्याचा नकाशा काढतात. गावात स्पृश्य, गावकुसाबाहेर अस्पृश्य. मग गावाच्या अलिखित संहितेची यादी येते. वस्ती वेगळी हवी, आणि ती दक्षिणेला हवी, कारण चार दिशांत दक्षिण सर्वांत अशुभ. स्पर्शाचे आणि सावलीचे अंतर पाळले पाहिजे. घरावर कौले घालता येणार नाहीत. सवर्णासमोर खुर्चीवर बसता येणार नाही. गावातून घोड्यावरून किंवा पालखीतून जाता येणार नाही, मिरवणूक नेता येणार नाही.

ही यादी काबिल घराशेजारी ठेवून वाचावी. दोन्हीकडे दिशा आहेत, वर आणि खाली आहे, छप्पर आहे, आत आणि बाहेर आहे. बोर्द्यू यांना दिशांत अर्थ दिसतो. आंबेडकर तोच अर्थ जाणतात, दक्षिणेचे अशुभत्व तेही सांगतात. पण त्यांच्या वाक्यरचनेत प्रत्येक नियमाचे रूप अपराधाचे आहे. हे मोडले तर काय होते, हा त्यांचा प्रश्न आहे. आणि मोडणारा एक असला तरी शिक्षा साऱ्या वस्तीला होते, हे ते लगोलग नोंदवतात. जागेचा प्रतीकार्थ आणि जागेचा कायदा या दोन गोष्टी नाहीत. घराच्या आतून पाहणाऱ्याला पहिली दिसते, कुसाबाहेरून पाहणाऱ्याला दुसरी. काबिल घरातही खालच्या, अंधाऱ्या भागाशी जिला जोडले आहे त्या स्त्रीने मांडणी सांगितली असती तर ती कशी उतरली असती, ही शंका या यादीनंतर टाळता येत नाही. १९७८ साली आलेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’पासून दलित आत्मकथनांनी गावाचा जो आराखडा मराठी साहित्यात आणला, त्याचे महत्त्वही केवळ दुःखकथनाचे नाही. पाणवठा, वेस, चावडी, तक्क्या यांमधली अंतरे त्यांनी पायांनी मोजून दिली. मराठी समीक्षेने ही पुस्तके बराच काळ अनुभवाची ‘दाहकता’ म्हणून वाचली. स्थळाचे ज्ञान म्हणून ती क्वचितच वाचली गेली.

महाडचे चवदार तळे या संदर्भात केवळ इतिहासाचे प्रकरण ठरत नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्यापर्यंतचे अंतर तेवढेच राहिले. त्या दिवशी सत्याग्रही काठावर उतरले आणि पाणी प्यायले. नंतर तळ्याची पंचगव्याने शुद्धी करण्यात आली, म्हणजे सवर्णांनी त्या जागेला पूर्वीचा अर्थ पुन्हा देऊ पाहिला. पुढे दावा चालला आणि मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. तळ्याचा वापर फक्त स्पृश्यांनी करण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. मानवशास्त्राच्या पुस्तकांत असल्या ‘अनादि’ व्यवस्थेला पुरावा मागितला जात नाही. वर्तमानकाळातली क्रियापदे तिथे भागवून नेतात. न्यायालयाने पुरावा मागितला. रूढी अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला.